बंदूक नंतर, आधी बॅग!

वीकएंडला शूटिंग शिकायचं ठरवताय? मग कोणती गन घ्यायची यापेक्षा रेंजपर्यंत काय आणि कसं वाहून न्यायचं, हे आधी ठरवा. पाठ आणि खिसा, दोन्ही वाचतील.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांना बालेवाडीचं श्री शिव छत्रपती क्रीडासंकुल पाठ असतं, पण बाहेरून! रोज कॅबच्या खिडकीतून दिसतं, आत शिरणारे मात्र मोजकेच. १९९४च्या नॅशनल गेम्ससाठी हे संकुल उभं राहिलं. २००८ मध्ये इथेच कॉमनवेल्थ युथ गेम्स झाल्या. आत ट्रॅक आहे, स्विमिंग पूल आहे आणि त्या सगळ्या गलबल्यापासून जरा बाजूला शूटिंग रेंज आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणणारा आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे याच रेंजवर घाम गाळायचा. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग काय, शूटिंगची क्रेझ वाढली नसती तरच नवल!

सिनेमा विसरा

दहा मीटरच्या हॉलमध्ये पहिल्यांदा शिरलात तर थोडा अपेक्षाभंग होईल. धाडधाड काहीच नाही. नुसतं टक्, टक्. कुणी बोलत नाही, कुणाला घाई नाही. एअर रायफलवाल्यांचा दहाचा टिंब फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे बॉलपेनने कागदावर टेकवलेल्या ठिपक्याएवढा. पिस्तूलवाल्यांचं नशीब जरा बरं, त्यांचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. खरा बार ऐकायचा तर पंचवीस आणि पन्नास मीटरच्या रेंजकडे जावं लागतं. तिथे पॉइंट टू-टूच्या गोळ्या चालतात.

आता मुद्द्याचं. शिकायला येणारे बरेच जण व्हिडिओ गेम खेळून आलेले असतात. त्यांच्या ऑनलाइन कार्टमध्ये आधीच काय काय पडलेलं असतं! छातीवर बांधायचं खिसेवालं जॅकेट, मांडीला लटकवायचं होल्स्टर, पट्ट्यापट्ट्यांची मिलिटरी बॅकपॅक. ही सगळी चालत्या-पळत्या माणसासाठी बनवलेली सामग्री आहे. रेंजवरचा नियम नेमका उलटा. बंदूक केसमधून येते, फायरिंग लाइनवर रेंज ऑफिसरने सांगितल्यावरच बाहेर निघते आणि काम झालं की तिथेच परत केसमध्ये जाते. उघडी बंदूक घेऊन हॉलमध्ये फिरणं हा इथला सगळ्यात मोठा गुन्हा. त्यामुळे होल्स्टरचा इथे उपयोग शून्य. तुम्हाला हवी ती एक शहाणी केस आणि एक साधी सॅक.

पिस्तूल की रायफल? आधी वजन करा

कोच तुमची नजर, उभं राहणं, मनगट बघून सल्ला देतीलच. पण एक प्रश्न स्वतःला विचारा: मी रेंजवर कसा येणार आहे?

एअर पिस्तूल एक किलोच्या आसपास. नियमाने दीड किलोच्या वर जाताच येत नाही. त्याची केस साधारण लॅपटॉप बॅगेएवढी. सोबत छऱ्यांचा डबा, अॅलन की, डोळ्यावरची पट्टी, पाण्याची बाटली. संपला संसार! ऑफिसच्या सॅकमध्ये बसतं, ॲक्टिव्हावर येतं, पीएमपीएमएलमध्ये मांडीवर मावतं.

रायफलचं गणित वेगळं. एअर रायफलची कमाल मर्यादा साडेपाच किलो आणि लांबी मीटरभराहून जास्त. त्यावर हार्ड केस, जाड कॅनव्हासचं जॅकेट, तसलीच पँट, सपाट तळाचे बूट, हातमोजा. सगळं मिळून दहा किलोंच्या वर सहज जातं. ही केस टू-व्हीलरवर पाठीला आडवी लावून बाणेर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचा विचारसुद्धा करू नका. शेजारून जाणाऱ्याचा हॅन्डल अडकला की दोघंही रस्त्यावर. कार असेल, रिक्षाचा खर्च झेपत असेल किंवा क्लबमध्ये लॉकर मिळत असेल, तरच रायफलचं स्वतःचं किट घ्या.

आणि एक, पूर्ण किट एकाच खांद्यावर लटकवू नका. इथे सगळा खेळ खांदा स्थिर ठेवण्याचा. तो रेंजवर पोचेपर्यंतच दुखायला लागला तर पुढचा तासभर काय होणार? रायफलची केस चाकांची घ्या, कपडे दोन्ही खांद्यांच्या सॅकमध्ये टाका. पँट घालून चालत यायची हौस तर अजिबात नको. ती उभं राहायला बनवलेली असते, चालायला नाही.

केस निवडताना

बाहेरून हार्ड, आतून फोम, दोन्ही बाजूंना पक्क्या कड्या आणि कुलूप लावायला जागा, एवढं बघा. रंग साधा घ्या. केसवर बंदुकीचं चित्र, कवटी, इंग्रजी घोषणा असलं काही नको. रस्त्यात ती गिटारसारखी दिसली तर उत्तमच.

पुण्याच्या पावसाचा विचार दुकानदार करत नाही, तुम्ही करा. आतला फोम पाणी धरून ठेवतो. केस ओली झाली आणि तशीच बंद राहिली की आठवड्यात गंज. म्हणून वरून रेनकव्हर, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि घरी पोचल्यावर केस तासभर उघडी. घामाने भिजलेलं जॅकेटही रात्रभर बॅगेत कोंबून ठेवायचं नाही. उन्हाळ्यात दुसरा धोका. मॅच एअरगनच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते, त्यामुळे दिवसभर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती ठेवून ऑफिसला जायचं नाही. सेकंडहँड गन घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. बऱ्याच कंपन्या त्याचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात. 'एकदम नवीसारखी' असं म्हणणारा विक्रेता ही गोष्ट स्वतःहून सांगेलच असं नाही.

डबा वेगळा, छर्रे वेगळे

ही टिप सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची. छर्रे शिशाचे असतात आणि शिसं पोटात जाणं वाईट. ५०० छऱ्यांचा डबा पाव किलोचा, तो सॅकच्या कोपऱ्यात सहज सरकतो आणि मग त्याच कप्प्यात पोळीभाजीचा डबा! असं नको. छऱ्यांना चेनचा वेगळा पाऊच, खाण्याला वेगळी पिशवी. सराव संपला की साबणाने हात धुवायचे, मगच वडापाव. घरी लहान मूल असेल तर रेंजची सॅक त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि केसला कुलूप घाला.

गेटवरचे प्रश्न

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पॉइंट १७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. मॅच एअर पिस्तूल आणि रायफल यात आरामात बसतात. पॉइंट टू-टूला मात्र परवाना हवाच. पण परवाना लागत नाही म्हणजे कुठेही न्यायची मुभा आहे, असं नाही. ऑफिसचा, मॉलचा किंवा मेट्रोचा सिक्युरिटीवाला स्कॅनरवर पिस्तुलाचा आकार बघेल तेव्हा त्याला ज्यूलचं गणित ऐकायचं नसतं. त्याचंही बरोबरच आहे. म्हणून घर ते रेंज, रेंज ते घर, हाच रूट. मध्ये पिक्चर नको, शॉपिंग नको. ऑफिसनंतर रेंजला जायचं तर गन क्लबच्या लॉकरमध्येच राहू द्या. खरेदीचं बिल आणि क्लबचं आयकार्ड केसमध्ये कायम ठेवा.

खरं तर सुरुवातीला हा प्रश्न येऊच नये. शिकवणारे क्लब आणि अकॅडमी सहसा आपलीच गन वापरायला देतात. गगन नारंगच्या संस्थेने २०११ मध्ये 'गन फॉर ग्लोरी' अकॅडमी सुरू केली ती बालेवाडीतच. मुंबईकरांना वरळीची रेंज आहे. फी, वेळा, बॅच आधी फोन करून विचारा. इम्पोर्टेड गनची किंमत लाखांत जाते, तेव्हा दोन-तीन महिने क्लबच्या गनवर घालवले तर काही बिघडत नाही. तोवर आपल्याला खेळ झेपतो का, रोजचा प्रवास झेपतो का, हे दोन्ही कळतं.

पहिल्या महिन्याची सॅक

• नेहमीची ऑफिसची सॅक, दोन्ही खांद्यांची. नवीन घेऊ नका.
• सपाट तळाचे, घोट्याच्या खाली राहणारे स्पोर्ट्स शूज. पिस्तुलाला घोटा झाकणारे बूट चालत नाहीत.
• मऊ, अंगाबरोबरचा टी-शर्ट. कॉलर आणि लोंबणारी ओढणी नको.
• डोळ्यावरची पट्टी. सुरुवातीला चष्म्याला चिकटवलेला पांढरा कागदही चालतो.
• भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग. नळीत तो दिसला की गन रिकामी आहे, हे सगळ्यांना लांबून कळतं.
• साबण, नॅपकिन, पाणी.
• छोटी वही. आजचा स्कोअर, आज काय जमलं, काय नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो.