दोन खटक्यांचं दार

माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळात उजाडतं, मावळतं आणि पुन्हा उजाडतं ते वीस मिनिटांत. माझ्या भाचीचे असे कितीतरी दिवस एका दारापायी गेले. डोंगराच्या पोटात तिनं घर कोरलं होतं. त्याला लोखंडी दार हवं होतं, तेही दोन्ही खटके ओढलेले असले तरच उघडणारं. एक खटका तिचा, एक मैत्रिणीचा.

लोखंडी दार तिथे हातानं उघडत नाही. रेडस्टोनची लाल भुकटी जमिनीवर पसरत न्यायची, की खटक्याची शक्ती तिच्यावरून दारापर्यंत जाते. जाते ती पंधरा घरं. दर घराला एकेकानं घटते आणि सोळाव्यात काहीच उरत नाही. भुकटीचा लालभडक रंगही वाटेत मंदावत जातो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "मावशी, बघ ना, इथे जीव जातोय हिचा," म्हणत तिनं पडद्यावर बोट टेकवून घरं मोजली, मध्ये एक रिपीटर बसवला आणि शक्ती पुन्हा पंधरावर आणली.

खरी गंमत मशालीची. रेडस्टोनची मशाल मोठी उफराटी: ज्या ठोकळ्यावर ती लावलेली, त्याला शक्ती मिळाली की ही विझते. दोन खटक्यांच्या दोन मशाली. दोन्ही विझल्या की त्यांना जोडणारी भुकटी काळवंडते, मग पुढची तिसरी मशाल पेटते आणि दार उघडतं. दोन्ही गोष्टी असणं म्हणजे दोहोंपैकी एकही नसलेली नसणं! तर्कशास्त्रातला हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाचा. कॉलेजात तो मी कोष्टकं घोकून पाठ केला होता. भाचीनं तो रचला, मोडला, पुन्हा रचला.

बेरीज बरोबर आली की नाणी खुळखुळवणारे 'शैक्षणिक' खेळ मला म्हणूनच रुचत नाहीत. त्यांत गणित म्हणजे गोळीच्या आमिषानं पाजलेला काढा. इथे नियम उमगल्याशिवाय दार हलतच नाही. सेमूर पॅपर्ट यांनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स'मध्ये किती कळकळीनं मांडलंय हे! मुलानं संगणकाला शिकवावं, आणि चुकलं तर कुठं चुकलं ते शोधण्यातच त्याला रस वाटावा.

तो रस मी जवळून पाहिला. वहीत लाल फुली दिसली की पान उलटणारी ही मुलगी. पण दार उघडेना तेव्हा पहिल्या खटक्यापासून एकेक घर तपासत निघाली. एक रिपीटर उलट्या तोंडाचा निघाला. तो काढून तिनं नीट बसवला. दार उघडलं, तशी ती आत न जाता तिथेच थबकली.

"मावशी, तिसरीलाही घ्यायचंय आम्हाला. मग चार मशाली लागतील, हो ना?"