ऱ्हाइनचं सोनं

नाण्यावर राजाचा चेहरा असतो. सोनं कुठून आलं, हे नाणं सहसा सांगत नाही. जर्मन राज्यांचे नदीच्या सोन्याचे ड्युकाट मला प्रिय आहेत ते म्हणूनच. पॅलेटिनेटचा इलेक्टर कार्ल थिओडोर याचा १७६४चा ड्युकाट घ्या. एका बाजूला तो स्वतः, दुसऱ्या बाजूला ऱ्हाइनकाठचं मानहाइम, आणि लॅटिनमध्ये कोरलेलं: असे झळकतात ऱ्हाइनचे काठ. जेमतेम साडेतीन ग्रॅमच्या सोन्यात अख्खं शहर मावलंय. बव्हेरियानेही डॅन्यूब, इन, इसार यांच्या नावाने असे ड्युकाट पाडले.

हे सोनं खाणीतलं नव्हे. गाळात विखुरलेले, माशाच्या खवल्याहून कितीतरी बारीक असे त्याचे पापुद्रे. नदी उतरली की काठचे शेतकरी, कोळी फावडी घेऊन यायचे. उतरत्या फळीवर खरखरीत कापड अंथरायचं, त्यावर वाळू ओतायची, वरून पाणी सोडायचं. गोटे घरंगळून जात. जड कण धाग्यांत अडकून राहत. कापड पाण्यात खळबळलं की तळाशी काळी रेती बसे. तिच्यात पारा कालवायचा. सोनं पाऱ्यात मुरलं की ते चामड्यातून पिळायचं आणि उरलेला गोळा तापवायचा. पारा वाफ होऊन जाई, सोनं मागे राही. ती विषारी वाफ छातीत घेणाऱ्यांची नावं कुठल्याच नाण्यावर नाहीत, याची मला फार खंत वाटते.

१८३२पासून बाडेनच्या ग्रँड ड्यूक लिओपोल्डने पाडलेल्या ड्युकाटांवर एक वेगळाच मजकूर दिसतो: ऱ्हाइनचं सोनं, २२ कॅरट ६ ग्रेन. म्हणजे साडेबावीस कॅरट. एरवी ड्युकाटाचं सोनं साडेतेवीस कॅरटच्याही वरचं. नदीच्या सोन्यात मुळातच थोडी चांदी असते. बाडेनने ती राहू दिली, आणि कस उघडपणे नाण्यावर कोरला. कमीपणा वाटावा अशी गोष्ट एका छोट्या राज्याने मिरवली. एवढा सच्चा अभिमान मी फार थोड्या नाण्यांवर पाहिलाय.

त्याच बाडेनचा इंजिनिअर टुला. पुरापासून गावं वाचवायला त्याच्या आराखड्याप्रमाणे १८१७पासून ऱ्हाइनची वळणं कापली गेली. काठ उकरले गेले तसं आधी सोनं जास्तच हाती लागलं. पुढे नदी सरळ झाली, वेगाने धावू लागली, आणि सोनं साचायच्या जागाच मोडल्या. पूर ओसरले, दलदल हटली. टुलाला बोल लावणं मला जमत नाही. सोनं धुणाऱ्यांना मात्र दुसरा धंदा शोधावा लागला.