काळी एकची संध्याकाळ

घरच्या सांजप्रार्थनेत पेटीवाल्याचा पहिला निर्णय पट्टीचा असतो. चर्चमध्ये टाळांच्या गजरात काळी तीनला रंगणारे भजन घरात त्याच पट्टीत धरले, तर म्हातारी माणसे अंतऱ्यालाच गप्प होतात. प्रस्तुत लेखक नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात घरोघरच्या प्रार्थनांना पेटी वाजवतो आणि बहुतेक वेळा काळी एक या खालच्या पट्टीवरच थांबतो. शेतातून दमून आलेल्या गळ्याला तेवढेच झेपते. गाणे गोड लागण्यापेक्षा सगळ्यांना म्हणता आले पाहिजे, हा त्याचा आग्रह आहे.

या जिल्ह्यात ही परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले. पुढे त्याच शतकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि उपासनेत देशी चालींना मान मिळवून दिला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नंतर अनेक वर्षे नगरला राहिले. त्यांनी शंभराहून अधिक गीते रचली, अभंग लिहिले. परदेशी चालीवर बसवलेल्या भाषांतरित गीतात मराठी शब्दाची ओढाताण होते. टिळकांचे पद धुमाळी तालात सहज बसते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते दोनदा ऐकून पाठ होते.

सहज पाठ होणाऱ्या गीतांची ही वाट परदेशातही दिसते. फ्रान्समधल्या तेझे इथे ब्रदर रॉजे यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या बंधुसंघात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक एकत्र प्रार्थना करतात. झाक बेर्तिये यांनी त्यांच्यासाठी एक-दोन ओळींची, पुन्हा पुन्हा म्हणायची गीते बांधली. आपल्याकडच्या भजनी माणसाला यात परके काही वाटणार नाही. धृपद घोळवत ठेवायचे, तोवर मन जागेवर येते.

कर्जतसारख्या ठिकाणी एकाच गल्लीत वेगवेगळ्या मंडळींची घरे असली, की एकत्र प्रार्थनेत काय घ्यावे हा प्रश्न येतो. लूकच्या पहिल्या अध्यायातले मरियेचे स्तवनगीत हे त्याचे उत्तम उत्तर. अँग्लिकन सांजप्रार्थनेत ते आहे, कॅथलिक सायंप्रार्थनेतही आहे. मरियेच्या नावाने प्रोटेस्टंट घरात कुणी बिचकले, तर शुभवर्तमान उघडून दाखवावे.

प्रभूची प्रार्थना मात्र जपून घ्यावी लागते. प्रोटेस्टंट शेवटचे गौरवाचे शब्द लगेच जोडून म्हणतात. कॅथलिकांची सवय त्याआधीच थांबायची. निम्मे लोक थांबतात, निम्मे पुढे जातात, आणि पाहुण्याला आपण चुकलो असे वाटते. अशा वेळी पेटीवाल्याने षड्ज धरून ठेवावा. ज्यांना पुढचे शब्द म्हणायचे आहेत ते म्हणतील, बाकीचे त्या स्वरावर थांबतील, आणि ‘आमेन’ सगळ्यांचे एकत्र होईल. कुणालाही आधी सूचना द्यावी लागत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली आणि प्रार्थना फोनवर आली. पुण्याला कामाला गेलेली मुले आणि गावाकडचे आईवडील अजूनही कधी कधी अशीच एकत्र बसतात. पण फोनवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. सगळ्यांनी एकदम गायले, तर ताल तुटतो आणि नुसता गलका उरतो. म्हणून एकाच घराने गावे, बाकीच्यांनी आपापले माईक बंद ठेवून घरातल्या घरात साथ द्यावी. पलीकडे एखादी बाई एकटीच गात असते. तिला आधाराला शेजारचा आवाज नसतो. तिच्यासाठी लय संथ हवी, ओळीचे पहिले शब्द आधी बोलून सांगायला हवेत आणि दोन कडव्यांमध्ये श्वासापुरती जागा सोडायला हवी. पेटीवरच्या हरकती इथे सरळ टाळाव्यात.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. ज्यांच्या घरी पेटी आहे, त्यांनी त्यातल्या एका संध्याकाळी ती उचलून दुसऱ्या मंडळीच्या शेजाऱ्याकडे न्यावी, आणि पट्टी त्यांच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून ठरवावी.