काळा पडदा आणि थांबवलेला धनादेश

शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतीत माझ्या पुतण्याचे पॅकिंग साहित्याचे दुकान आहे. खोकी, चिकटपट्ट्या, बबल शीट असा माल तो आसपासच्या कारखान्यांना पुरवतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस मी जालना रस्त्याने तिकडे जातो आणि त्याची खाती पाहतो. पुतण्या मला पगार देत नाही, पण माझे ऐकतो सगळे. पुढचा प्रकार त्या ऐकण्यामुळेच घडला.

दुकानासाठी नवा संगणक घ्यायचा होता. खोक्यांवरील छपाईची चित्रेही त्यावरच करायची असल्याने वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला हवा होता. शहरातील एका तरुण विक्रेत्याने सुटे भाग जुळवून तो तयार केला, संध्याकाळी दुकानात आणून चालवून दाखवला, आमचे हिशेब त्यावर घेऊन दिले आणि बासष्ट हजारांचा धनादेश घेऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेबल खिडकीपाशी सरकवले. त्यासाठी तारा काढल्या, पुन्हा लावल्या आणि बटण दाबले. पंखा फिरला, कळफलकावरचा दिवा लागला. पडदा मात्र काळाच. मध्यभागी ‘नो सिग्नल’ एवढी अक्षरे क्षणभर दिसत आणि विझत.

तारीख होती १९. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची मुदत उद्यावर आलेली. पुतण्याने प्लग बदलून पाहिला. सीसीटीव्हीचा पडदा संगणकाला जोडला, तर तोही काळा. नवा पडदा सीसीटीव्हीच्या पेटीला जोडला, तर त्यावर गोदाम लख्ख दिसू लागले. म्हणजे पडदा निर्दोष, तारही निर्दोष, दोष पेटीत. मग कोणीतरी सांगितले म्हणून वीज बंद करून पेटीची बाजू उघडली आणि मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसून पुन्हा बसवली. पुष्कळदा ती सैल बसल्यानेही पडदा काळा राहतो म्हणे. आमचा राहिलाच.

मी त्या मुलाला फोन लावला. “नव्या खोक्यात जुना माल घालून दिलास,” असे म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, “काका, मागच्या बाजूचा एक फोटो पाठवता का?” मला ती टाळाटाळ वाटली. फोन ठेवला आणि पुतण्याला सांगितले, धनादेशाचे पैसे थांबव. मोबाइलवरून ते दोन मिनिटांत झाले. कर्जखात्यावर इतकी वर्षे काढलेल्या माणसाने हा सल्ला दिला, हे येथे लिहून ठेवतो.

रात्री झोप लागेना. नोकरीच्या आरंभी आमच्या शाखेत सारी खतावणी हाताने लिहिली जाई आणि तेरीज जुळली नाही की रात्र रात्र बसावे लागे. आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी फरक शोधण्याची रीत शिकवली होती. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल पाहायची; ५४० चे ४५० झाले की ९० चा फरक पडतो. तसे नसेल, तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. नावेची नोंद जमेला गेलेली असू शकते. पण या दोहोंच्या आधी ते विचारत, “शेवटची नोंद कोणाच्या हातची?” संगणकाला शेवटचा हात कोणाचा लागला होता? माझाच. तारा मी लावल्या होत्या.

सकाळी टॉर्च घेऊन मागे पाहिले. एकाच आकाराची दोन तोंडे होती. एक वर, माऊस आणि कळफलकाच्या जागांशेजारी. दुसरे खाली, आडव्या पट्टीत, ग्राफिक्स कार्डाचे. मी तार वरच्या तोंडात खोचली होती. या संगणकातील प्रोसेसरमध्ये चित्र उमटवण्याची अंगभूत सोय नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ अक्षर असते, ते असेच असतात. त्यामुळे वरच्या तोंडातून काहीच बाहेर येत नाही. तार खाली लावली आणि पडदा उजळला. पुतण्या हसला. मला हसू आले नाही.

कारण ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश काही तासांतच मार्गी लागतो. आदल्या दिवशी सकाळी भरलेला त्याचा धनादेश संध्याकाळपर्यंत ‘पेमेंट थांबवले’ या शेऱ्यासह परत गेला होता. त्याच भरवशावर त्याने आपल्या घाऊक व्यापाऱ्याला धनादेश दिला होता. तोही परतला. लहान व्यापाऱ्याची पत अशा एका शेऱ्याने किती खाली येते, हे मी आयुष्यभर टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले होते.

पूर्ण रक्कम आणि दोन्ही बँकांचे परतावा शुल्क लगेच त्याच्या खात्यात पाठवले. मग मी त्याच्या दुकानी गेलो. त्याच्यासमोरच त्या घाऊक व्यापाऱ्याला फोन करून, चूक माझी आहे, मुलाची नाही, असे सांगितले. त्या व्यापाऱ्याने ऐकून घेतले, पण पुढचा माल रोखीनेच देईन म्हणाला. मुलगा मला काहीच बोलला नाही. चहा मात्र मागवला.

दोन दिवसांनी तो शेंद्र्याला आला आणि वरच्या तोंडावर त्याने कागदाची पट्टी चिकटवली. तिच्यावर पेनाने ‘इथे नाही’ असे लिहिले. पुतण्याला गोदामासाठी आणखी एक संगणक हवा होता. मुलगा म्हणाला, “देतो. पैसे आगाऊ लागतील.” पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “दे.”