वाळू निघून गेली की...

हरसूलला घर बांधायला काढलं की पायाची चर्चा फार वेळ चालत नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा. थोडं खणलं की मुरूम, अजून खणलं की कातळ, आणि कातळ लागला की गवंडी निर्धास्त. जुन्या कुडाच्या घरांचं तर आणखी सोपं. लाकडी मेढ खड्ड्यात उभी करायची, भोवती दगड-मुरूम ठासायचा आणि दोन्ही हातांनी हलवून बघायची. हलली नाही की पास!

पण कातळ फार खोल असेल आणि वर नुसती वाळूच असेल तर? मग काँक्रीटचा लांब खांब, म्हणजे पाइल, जमिनीत उतरवावा लागतो. एका सिव्हिलवाल्या मित्राला पाइलची भारक्षमता काढणारा छोटासा प्रोग्रॅम लिहून देताना मी या विषयात शिरलो, तो अडकलोच.

वाळूतला पाइल आपलं ओझं दोन ठिकाणी देतो. एक टोकाशी, दुसरं अंगाला, वाळूच्या घर्षणावर. दोन्हीकडे महत्त्वाचा आकडा एकच: त्या खोलीवरची वाळू किती दाबाखाली आहे. वरच्या वाळूचं ओझं जितकं जास्त, तितकी खालची वाळू पाइलला घट्ट धरते. मात्र खोल गेलं की ताकद वाढतच राहील असं धरायचं नाही. भारतीय मानक २९११ प्रमाणे साधारण १५ ते २० व्यासांच्या खोलीनंतर हा दाब हिशेबात स्थिर धरतात.

आता वाळू किती घट्ट आहे हे कसं कळणार? बोअर घ्यायचा, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकत राहायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. ठोक्यांवरून घर्षणकोन, कोनावरून गुणक, गुणकावरून टन. अंदाजावर अंदाज! आपल्याकडे मॅनेजर एस्टिमेटला दोनने गुणतो, इथे आलेल्या उत्तराला किमान अडीचने भागतात. शिवाय जागेवर एखाद्या पाइलवर खरोखर वजन चढवून तो किती मिलिमीटर खचतो ते बघतात. म्हणजे मेढ हलवून बघणंच, फक्त जरा शिस्तीत.

इथपर्यंत ठीक. पण हा सगळा हिशेब आज दिसणाऱ्या जमिनीचा आहे, आणि नदीचा तळ पुरात दिसतो तसा राहत नाही. पाण्यापुढे काय होतं ते आमच्या तालुक्याने पाहिलंय. शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदी लाकडी बल्लीवरून, डोक्यावर हंडे घेऊन ओलांडायच्या. त्यांचे फोटो गाजले, तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांच्या सूचनेनंतर जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल झाला आणि त्याच जुलैच्या पुरात वाहून गेला. हा दाखला मी वाळूतल्या पाइलचा म्हणून देत नाही. पण माणसांचं वजन त्या पुलाने रोज पेललं होतं. गेला तो पाण्याने.

वाळूत पाणी काय करतं ते आकड्यांत बघू. समजा ६०० मिलिमीटर व्यासाचा पाइल नदीच्या वाळूत १२ मीटर उतरवला. पाण्याखालच्या वाळूचं वजन, पाण्याचा उचल वजा करून, घनमीटरला १० किलोन्यूटन धरा आणि १५ व्यासांचा, म्हणजे ९ मीटरचा नियम लावा. खोलीभरच्या दाबाची बेरीज येते ६७५. आता पुराने वरची ४ मीटर वाळू ओढून नेली. उरले ८ मीटर, बेरीज ३२०. लांबी गेली एक तृतीयांश, घर्षण मात्र निम्म्याहून जास्त गेलं! कारण वरची वाळू जाताना फक्त स्वतःची पकड नेत नाही, खालच्या वाळूवरचं ओझंही घेऊन जाते. टोकाशी दाब ९० वरून ८० वर येतो, तिथलं नुकसान त्या मानाने थोडं.

म्हणून पुलाच्या पाइलची क्षमता आजच्या तळापासून मोजत नाहीत. मोठ्या पुरात तळ जिथवर खरवडला जाईल असं गणित सांगतं, त्या पातळीखालची मोजतात. आणि फसवं असं की पूर ओसरताना तो खड्डा पुन्हा सैल वाळूने भरतो. उन्हाळ्यात बघायला जाल तर सगळं जागच्या जागी!

निदान पूर थोडी वाळू परत आणून टाकतो. ट्रकमधून गेलेली वाळू पुलापाशी परत येत नाही. ती आपल्या फ्लॅटच्या भिंतींत बसलेली असते. पुलाजवळ वाळूचा उपसा दिसला की आपण पर्यावरण वगैरे म्हणून हळहळतो. असो. पण तो ट्रक पुलाच्या क्षमतेतलेच काही टन भरून चाललाय, हे डोक्यात असलेलं बरं.