कांदेनवमीनंतरचा भाव

पाठ्यपुस्तकात लवचिकतेचा धडा मीठ आणि मोटारगाडीपासून सुरू होतो. मीठ महागलं तरी माणूस तेवढंच खातो, गाडी महागली की खरेदी पुढे ढकलतो. उदाहरण बरोबर आहे, पण पहिल्या वर्षाच्या वर्गात त्याने कोणाची झोप उडत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मुलांपुढे मी थेट कांदा मांडतो. ज्यांच्या घरी कांदा साठवायची चाळ आहे त्यांना लासलगावचा आजचा भाव माझ्याआधी ठाऊक असतो.

आल्फ्रेड मार्शलने 1890 मध्ये ही कल्पना नीट बसवली. भाव एक टक्का हलला तर मागणी किती टक्के हलते, एवढंच ते माप. कांद्याची मागणी फारशी हलत नाही. भाव दुप्पट झाला म्हणून फोडणीतला कांदा निम्मा होत नाही, आणि निम्म्यावर आला म्हणून कोणी दोन वेळा जास्त भजी तळत नाही. हॉटेलवाला मात्र घरच्या बाईपेक्षा लवचिक: भाव चढला की मिसळीच्या ताटलीत कांद्याऐवजी कोबी किंवा मुळा दिसू लागतो.

मागणी अशी ताठ असली की थोड्याशा टंचाईने भाव भडकतो आणि थोड्याशा सुकाळाने कोसळतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हनंटने 1699 मध्येच धान्याचा असा हिशेब छापला होता: पीक एक दशांशाने घटलं तर भाव तीन दशांशांनी चढतो, निम्मं घटलं तर नेहमीच्या भावावर आणखी साडेचार पट. तोच हिशेब उलटा वाचला की सगळ्यांचंच पीक उत्तम आलेल्या वर्षी सगळ्यांच्याच हातात कमी पैसे का येतात ते कळतं. हे मुलांच्या गळी उतरवणं सर्वांत अवघड जातं. ‘जास्त पिकवा’ हा सल्ला एकट्याला लागू पडतो, तालुक्याला नाही.

पुरवठ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण तिथे घड्याळ मधे येतं. लिलावाच्या सकाळी बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमधला माल तेवढाच असतो. भाव आवडला नाही म्हणून तो वाढत नाही, आणि परत न्यायचा तर डिझेल पुन्हा शेतकऱ्याचंच. हंगामाच्या हिशेबातही हात बांधलेलेच. रोपवाटिकेत सहा-आठ आठवडे आणि लागवडीनंतर साधारण चार महिने, असा कांद्याचा मुक्काम. म्हणजे आजच्या भावाला शेतकरी उत्तर देतो ते पुढच्या हंगामात, आणि तोवर प्रश्न बदललेला असतो. भाव चढलेल्या वर्षानंतर सगळे कांद्याकडे धावतात, पडलेल्या वर्षानंतर सगळे पाठ फिरवतात. निकोलस काल्डोरने 1934 मध्ये या हेलकाव्यांच्या आकृतीला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं.

या ताठरपणात थोडी ढिलाई आणते ती चाळ. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा टिकाऊ असतो. तो साठवून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थोडाथोडा बाहेर काढायचा. सड, कोंब आणि वजनातली घट यांत पाव भाग किंवा त्याहूनही अधिक जाऊ शकतो, म्हणून चाळ राखणं हाही एक सट्टाच. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, घरोघरी पोटभर कांदा खाऊन चातुर्मासात तो वर्ज्य करायची प्रथा आहे. पंचांग समोर ठेवून पाहा: कार्तिकी एकादशीपर्यंतचा हा काळ बराचसा तोच, जेव्हा नवा कांदा नसतो आणि देश चाळीवर जगतो. प्रथा त्याचसाठी पडली असा माझा दावा नाही. पण टंचाईच्या महिन्यांत मागणी आपणहून कमी करणारी याहून सोयीची योजना मला कुठल्या मंत्रालयाने आखलेली दिसली नाही.

मंत्रालयाची योजना वेगळी असते. 1998 मध्ये दिल्ली राज्यातलं सरकार निवडणूक हरलं त्यात कांद्याच्या भावाचा वाटा मोठा होता, आणि तो धसका सगळ्याच पक्षांनी घेतला. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, तेव्हा जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली. त्या वेळी खरिपाचा लाल कांदा बाजारात येत होता आणि उन्हाळ कांद्याची रोपं लागवडीला आली होती.

निर्यातबंदीने नेमकं काय होतं? परदेशातला ग्राहक लवचिक असतो, कारण त्याच्यापुढे पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तानचा माल आहे. भाव जरा उतरला की तो जास्त उचलतो, आणि भावाला खालून टेकू मिळतो. तो टेकू काढला की शेतकऱ्यापुढे उरते ती देशातली ताठ मागणी. त्यात हा हिशेब पाहा. समजा दुकानात किलो 30 रुपये, शेतकऱ्याला 12. मधले 18 हमाली, तोलाई, वाहतूक, नासाडी, नफा यांचे, आणि ते सहसा हलत नाहीत. दुकानात भाव 24 झाला तर ग्राहकाला 20 टक्के स्वस्ताई, शेतकऱ्याला 50 टक्के फटका. शहरातल्या वाचकाला हे आकडे अन्यायाचे वाटतील. मला ते आधी भागाकाराचे वाटतात, अन्याय त्यानंतर सुरू होतो.

2019 च्या सप्टेंबरअखेरीसही अशीच बंदी आली होती. काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि आपण स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितल्याचं हसत बोलून गेल्या. हसण्यावारी नेलं गेलं, पण आयातदार असा प्रसंग विसरत नाहीत. काळ जितका लांब, तितकी मागणी लवचिक, हे मार्शललाही ठाऊक होतं. ग्राहक दुसरा विक्रेता शोधतो, नाहीतर स्वतः पिकवू लागतो.

4 मे 2024 ला बंदी उठली, तीही टनामागे किमान 550 डॉलर भाव आणि 40 टक्के शुल्काच्या अटीवर. सप्टेंबरात किमान भावाची अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही संपलं, ऐन उन्हाळ कांद्याच्या काढणीत. भाव तरीही उसळला नाही. आवक भरपूर होती, आणि दुसरीकडे गेलेली गिऱ्हाइकं अधिसूचना निघाल्याच्या दिवशी परत येत नसतात.