आजीचा वाढदिवस

आमच्या आजीचा वाढदिवस कधी झाला नव्हता. आधार कार्डावर १ जानेवारी आहे, म्हणून तोच धरला.

आजी लहानपणी वणीच्या जत्रेत तंबूतला ‘श्यामची आई’ पाहायला गेली होती. हा सिनेमा आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढला. त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पण धाकटा भाऊ रडला, आजीला उठावे लागले. शेवट राहिला.

आम्ही घरीच तंबू केला. लुगड्यांच्या कनाती, आबाजींच्या धोतराचा पडदा, बसायला बारदाने. मी पुठ्ठ्याची तिकिटे केली. सरांनी प्रोजेक्टर दिला. आजी म्हणे, “कायले बाप्पा एवढं!” पण सर्वांत पुढे बसली.

शेवट आला तशी माझी लहान बहीण रडू लागली. आजी उठली. मी म्हणालो, “तू बस, मी नेतो.”

आजीने शेवट पाहिला. आता तो तीच मला सांगणार आहे.

– इयत्ता चौथी